डाव्या हाताची पाग

किशोरी ओट्यावर बसून चिंबोऱ्यांचे नांगे सुतळीनं बांधत होती, तेव्हा मोबाइलवर शाळेचा निरोप आला. शनिवारी विद्यार्थ्यांचा गुणगौरव. खेळ, गाणं, चित्रकला, हस्तकला, जो जो पहिला आला त्याचा सत्कार, पालकांनी जरूर यावं. खाली नावांची यादी होती, आणि हस्तकलेपुढं तिच्या समृद्धीचं नाव. वस्तू: मासेमारीचं जाळं.

दुसरी कुणी असती तर हातातली चिंबोरी टाकून आळीभर नाव वाचून दाखवत फिरली असती. किशोरीनं मोबाइल पालथा ठेवला.

कारण ती पाग समृद्धीची नव्हती.

झालं होतं असं. सहावीतल्या पोरीनं हस्तकलेच्या स्पर्धेसाठी महिनाभर खपून ओंजळीएवढी पाग विणली होती, हातानं गोल फेकायचं ते जाळं. किशोरीनंच तिला समोर बसवून सुई धरायला शिकवली. एका दुपारी पोर शाळेत गेली आणि किशोरीनं सहज ती पाग हातात घेतली. जाळ्याचा एक डोळा बोटभर, दुसरा दोन बोटं, गाठी ढिल्या. तिला वाटलं, खाडीवरच्या घरातली पोर, आणि हे असलं जाळं शहरातल्या मास्तरांपुढं ठेवणार? लोक काय म्हणतील? म्हणून दोन ओळी उसवल्या. दोनाच्या चार झाल्या. शाळा सुटायच्या आत सगळी पाग उसवून पुन्हा विणून झाली होती, डोळ्याला डोळा असा की मोजून घ्यावा.

समृद्धी आली, तिनं पाग उलटीपालटी करून बघितली. आईकडं एकदा बघितलं आणि दप्तरात घातली. त्या बघण्याचा किशोरीला तेव्हा राग आला होता. आता तेच बघणं आठवून तिचे कान तापले.

नवऱ्याला, कुंदनला, सांगावंच लागलं. तो न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. त्यानं गेटाच्या रांगेत उभ्या असलेल्या निम्म्या ड्रायव्हरांना पेढे वाटले आणि वर फोन करून सांगितलं, की बंदरात तीन तास अडकलो तरी आज काही वाटलं नाही. किशोरी नुसती हूं हूं करत राहिली.

शनिवारी ती ठेवणीतली साडी नेसून तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. बाजूच्या बाया सुकापूरच्या सोसायट्यांतल्या, कुणाचा मुलगा बुद्धिबळात, कुणाची मुलगी नाचात. बाया चांगल्या होत्या, विचारत होत्या, कौतुक करत होत्या. जितकं कौतुक, तितकी ही खुर्चीत खाली खाली.

आणि मग पाहुणे आले, तेव्हा ती पुढच्या बाईच्या पाठीआड सरकली. हस्तकलेचं बक्षीस द्यायला शाळेच्या मिताली मॅडमनी हौसेनं किशोरीच्याच गावच्या काशिराम आज्याला बोलावलं होतं. जाळी विणणारा शेवटचा जुना माणूस, म्हणून.

आता हे गावाबाहेरच्याला कळायचं नाही. भरतीत वाहून गेलेलं जाळं कुणाला सापडलं, तर त्यावर नाव नसतं. गाठ बघायची आणि ज्याच्या हाताची असेल त्याच्या दारात नेऊन टाकायचं. किशोरी डावखुरी. अख्ख्या गावात तिची एकटीची गाठ उलट्या अंगाला पडते; समोर बसून शिकलेल्या उजव्या हाताच्या समृद्धीचीसुद्धा सुलटीच पडते. दोन वर्षांपूर्वी वाहून गेलेलं तिचं जाळं याच आज्यानं खांद्यावर टाकून तिच्या ओट्यावर आणलं होतं.

समृद्धी मंचावर गेली. आज्यानं पाग घेतली. चष्मा लावला नाही, नुसत्या गाठी अंगठ्याखालून सरकवल्या. एक, दोन, तीन. अंगठा थांबला. मग आज्यानं मान वर करून रांगा बघायला सुरुवात केली आणि तिसऱ्या रांगेत त्याची नजर येऊन टेकली.

"कोनी शिकवली गो तुला?" त्यानं पोरीला विचारलं. माइक समोरच होता.

"आयेनं."

"मंग तिचा पन मान हाय. बोलवा तिला वर."

टाळ्या पडल्या. बाजूच्या बाईनं किशोरीला हाताला धरून उठवलं. आज्यानं तिला पकडायला बोलावलं की वाट काढून द्यायला, ते तिला आजही कळलेलं नाही. मंचावर मॅडमनी उत्साहानं तिच्या हातात सुई आणि दोरा दिला, म्हणाल्या, एक गाठ मारून दाखवा ना सगळ्यांना.

किशोरीनं सुई घेतली. डाव्या हातात. आज्या तिच्या हाताकडं बघत नव्हता, छताच्या पंख्याकडं बघत होता. समृद्धी मात्र बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, आणि आवाज माइकमधून एवढा मोठा आला की तीच दचकली. "ही पाग मी विनली हाय. पोरीची मी उसवली."

मॅडम हसल्या. "अहो, थोडीफार मदत सगळेच पालक करतात. चालतं."

"थोडी नाय. पहिली गाठ पन माजीच हाय."

मग मॅडम मुख्याध्यापकांशी कानात बोलल्या. प्रमाणपत्र फाइलीखाली गेलं. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांना वाजवाव्या की नाही ते कळेना, आणि त्या अर्ध्यातच विझल्या. समृद्धी दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी एकटी उतरली.

रिक्षात मायलेकींच्या मध्ये ती पाग पिशवीत होती.

"कनाला उसवलीस आये?"

"लोक हसतील म्हनून."

"मंग आज हसली नाय?"

बाहेर कंटेनरांची रांग सरकता सरकत नव्हती.

घरी आल्यावर पोरीनं गणवेशसुद्धा बदलला नाही. ओट्यावर बसली आणि आईची पाग कात्रीनं वरची गाठ कापून उसवायला लागली. किशोरीनं अडवलं नाही. जरा वेळानं जाऊन समोर बसली. पोरीनं तिच्याकडं न बघता सुई भरली, डोळा मापायच्या पट्टीवर दोरा घेतला, पहिली गाठ मारली. सैल पडली. दुसरा डोळा पहिल्याहून मोठा झाला.

किशोरीचा डावा हात आपोआप उचलला गेला. तिनं तो मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिली.