शेकाची जखम

शकुबाईंच्या छातीवरची जखम दीड वर्ष माझ्या डोक्याला ताप झाली होती. रुपयाएवढी, पण भरायचं नाव घेत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरसाठी त्यांना नागपूरला रेडिएशन दिलं होतं. आमच्याकडे त्याला सगळे शेकच म्हणतात. कॅन्सर गेला, पण तिथली कातडी कायमची मेली. चामोर्शी तालुक्यातल्या उपकेंद्रात मी नर्स. एक दिवसाआड पट्टी बदलायची आणि घरी जाऊन चरफडायचं.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी उपाय काढला. पाठीचं मांस कातडीसकट फिरवून छातीवर बसवायचं. खालची बरगडी सडायला लागली तर बाई हातची जाईल, म्हणून घाईने सोमवारची तारीख दिली. शकुबाईंच्या नवऱ्याला, गुणवंतरावांना, मी मोठ्या तोऱ्यात समजावलं, "भाऊ, हे जखम शेकाची आहे. आता पाठीले जपा, तिथूनच मांस घेनार आहेत."

मग मी आठवडाभर गडचिरोलीला ट्रेनिंगला गेले. शुक्रवारी त्यांच्या दारात पाय ठेवला तर मोहफुलं करपल्याचा वास.

"दारू गाळून राह्यले का भाऊ?" मी थट्टा केली. ते हसले नाहीत.

पट्टी सोडली. जखम तळहाताएवढी झाली होती आणि कडा उकडल्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"हे काय केलं?"

"तुमीच तं मनलं सिस्टर, शेकाची जखम आहे. काट्यानंच काटा निंगते. मोहफुलं तव्यावर तापवून रोज दोन टाइम शेकतो."

"दुखलं नाई शकुबाई?"

"जराबी नाई."

मेल्या कातडीला चटका कळत नाही. मी भाऊंवर नाही नाही ते ओरडले. खरं तर चूक माझी होती. तो शब्द त्यांच्या घरात मीच तसाच सोडून गेले होते.

तिथूनच डॉक्टरांना फोटो पाठवून फोन लावला.

"जखम वाढली आहे, पण झाकता येईल," ते म्हणाले. "पाठ चांगली आहे ना? आता सगळी मदार तिच्यावर."

"हो, पाठ चांगली आहे," मी न बघताच सांगितलं.

शकुबाई ऐकत होत्या. त्या हळूच वळल्या आणि त्यांनी लुगड्याचा पदर बाजूला केला. पाठभर फोड होते, काही फुटलेले.

"इथी चुलीतली वीट लावली, सिस्टर. कातडं मऊ झालं तं डॉक्टरले काढाले सोपं जाईल, मनून. इथी मात्र लय पोळलं, पन सोसलं बाप्पा." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सोमवारी जमन ना आता?"