कोऱ्या भिंतीपुढचा फोटो

हे सगळं २०२३ सालचं. त्या वर्षी दिवाळीच्या आधी पुण्याजवळच्या चिखलीतल्या माझ्या मागच्या खोलीत विजयश्री राहायला आली, चार वर्षांच्या सोनूला घेऊन. नवऱ्याने, जयसिंगने, तिचा हात मोडला होता आणि गेलीस तर पोरगी पुन्हा दिसणार नाही, असं बजावलं होतं. नंबर बदलून ती जालन्याहून इकडे पळून आली, चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या लाइनवर लागली. ती शिफ्टला गेली की सोनू माझ्यापाशी.

पत्ता तिने आईलाही सांगितला नव्हता, फक्त नवा नंबर दिला होता. पण आई, कस्तुराबाई, अंथरुणाला खिळल्या आणि नातीला एकदा दाखव म्हणून फोनवर रडू लागल्या. तेव्हा विजयश्रीने सोनूला कोऱ्या भिंतीपुढे उभं केलं. खिडकी लावली, दुकानाचं नाव दिसेल म्हणून माझं कॅलेंडरही उतरवलं.

"व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट करून, आख्खी फाइलच पाठवते, मावशी," ती म्हणाली. "नुसता फोटो पाठवला की फुटतो, बारीक काही दिसत नाही. कंपनीत पार्टचे फोटो असेच पाठवते मी; ओरखडा दिसला नाही तर साहेब म्हणतो, डोळे गावाला ठेवून आलीस का?"

"पोरीचे ओरखडे मोजायचेत का तुझ्या आईला?"

ती हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

फोटो पाठवल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. सोनू माझ्या पदराआड गेली, तेव्हा मी ओळखलं.

"पत्ता कोणी दिला तुला?"

"तुमच्या विजयश्रीनंच," जयसिंग म्हणाला. "बाजूला व्हा, मावशी. तुमचं वय झालंय." त्याने पोरीला उचललं. गल्लीत माणसं होती, पण बापच नेतोय म्हटल्यावर कोणी पुढे आलं नाही.

माझा पुतण्या गणराज कॉम्प्युटरचं काम करतो. त्याने संध्याकाळी विजयश्रीच्या फोनवर दाखवलं. फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि जागा नोंदलेली होती. नकाशावरचं टिंब बरोबर माझ्या घरावर. साधा फोटो म्हणून पाठवला असता तर ती नोंद वाटेतच गळाली असती. डॉक्युमेंट केल्यामुळे जशीच्या तशी गेली.

"पाठवायच्या आधी लोकेशन काढून टाकता येतं, काकी. दोन बटणं," तो मला म्हणाला.

"रोज दोनशे फोटो पाठवते मी," विजयश्री एवढंच बोलली.

आमच्या तरुणपणी लपलेलं माणूस पत्र लिहायचं, तर पोस्टाच्या शिक्क्यावरून गाव कळू नये म्हणून ट्रकवाल्याकडे द्यायचं, त्याने ते सोलापूरला पेटीत टाकायचं. शिक्का डोळ्यांना दिसायचा. हा कुठे दिसतो?

कस्तुराबाई त्याच महिन्यात गेल्या. जावई विचारपूस करायला आला, त्याला त्यांनी कौतुकाने फोनवरचा नातीचा फोटो दाखवला, मागितला तसा पाठवूनही दिला, इतकंच त्यांच्या हातून झालं. जयसिंगने दुसरं लग्न केलं. गणराज बंगळुरूला गेला. मी चिखलीत त्याच घरात आहे. दुपारी कोणी दार वाजवलं तर उघडत नाही. विजयश्री अजून त्याच लाइनवर काम करते आणि महिन्यातून एकदा कोर्टाच्या आवारात तासभर सोनूला भेटते. सोनू आता सहा वर्षांची झाली. ती विजयश्रीला काकू म्हणते.