चौघांचा मिळून एक पास

मी एक जुना पास आहे, मित्रांनो. माझा एक कोपरा दुमडलाय, पाठीवरची अक्षरं पुसट झालीत आणि कुठल्याही यंत्रावर टेकवलं तर ते लाल दिवा दाखवून मला हाकलून देतं. माझं कामाचं आयुष्य उणंपुरं एका दिवसाचं. पण काय दिवस होता तो! आठवला की अजून अंगातली तार झिणझिणते. त्या दिवसाचीच गोष्ट सांगायची आहे, तेव्हा जन्माचं थोडक्यात आवरतो.

मी एका छापखान्यात जन्मलो. दोन पातळ पुठ्ठ्यांच्या मध्ये केसासारखी तांब्याची तार वेटोळं करून बसवली, वर निळा रंग चढवला आणि पाठीवर नियम छापले. नियम इतक्या बारीक अक्षरांत होते की छापणाऱ्याने तरी ते वाचले असतील का, याची मला शंकाच आहे. मग आम्हा भावंडांचा गठ्ठा बांधून एका मोठ्या शहराच्या मुख्य स्टेशनात पाठवला. तिथे तिकीटखिडकीच्या खणात आम्ही राहू लागलो.

त्या खणात निरनिराळ्या जातीचे पास होते. एका फेरीचं तिकीट म्हणजे नुसती घाई, आलं की गेलं. एका माणसाचा दिवसाचा पास सगळ्यात जास्त खपायचा आणि त्याला त्याचा तोरा होता. एक चकचकीत सोनेरी पास होता, त्यात संग्रहालयं, राजवाडा असं सगळं फुकट बघता यायचं. त्याची किंमतही तशीच सोनेरी होती. आणि मी कुटुंब पास. माझ्या एकट्यावर चार माणसांनी दिवसभर बसने, ट्रामने, मेट्रोने फिरावं. शिवाय नदीवरून पलीकडच्या टेकडीवर जाणारा रोपवेसुद्धा माझ्यात होता. अट एकच, चौघांनी सतत बरोबर राहायचं.

या अटीनेच माझा घात केला होता. लोक खिडकीशी यायचे, माझी चौकशी करायचे आणि हसून परत ठेवायचे. "दिवसभर एकत्र? आम्ही दोघं दुपारपर्यंत टिकलो तरी खूप," असं एक नवरा म्हणाला, तेव्हा त्याच्या बायकोनेही मान हलवली. खण उघडला की मी अंग फुलवून बसायचो. खण बंद झाला की तोंड पाडायचो. असे किती दिवस गेले कोण जाणे.

आणि मग एका सकाळी ती चौघं आली.

पुढे होता एक टेलर. पेशा सांगायची गरज नव्हती, कारण खांद्यावर दोऱ्याचं टोक चिकटलेलं होतं आणि तो खिडकीतल्या बाईंच्या कॉलरची शिवण बघत होता. मागे त्याची आई, हातात पिशवी, चेहऱ्यावर 'माझे पाय दुखताहेत' असं लिहिलेलं. त्यांच्या मध्ये त्याची मुलगी ठमी, एका जागी एक क्षण न ठरणारी. आणि सगळ्यांत मागे ठमीची आई. ती त्यांच्या लहानशा गावात बस कंडक्टर होती. सुट्टीवर असूनही ती रांगेत शेवटी उभी होती आणि पुढच्यांना सांगत होती, "पुढे सरका, पुढे जागा आहे."

टेलरने कागदावर सगळी तयारी करून आणली होती. "चौघांना चार पास द्या," तो म्हणाला. "कोणी इकडेतिकडे झालं, तर ज्याचा त्याच्याकडे."

"यात रोपवे आहे?" ठमीने विचारलं.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "नाही गं. रोपवे या सोनेरी पासात आहे आणि या कुटुंब पासात. पण कुटुंब पास एकच मिळतो. चुकामूक झाली, तर ज्याच्याकडे पास नाही तो विनातिकीट. मागाहून तक्रार चालायची नाही."

टेलरने सोनेरी पासाकडे पाहिलं. त्याच्या आईने लगेच सांगून टाकलं, "मला नकोत पुतळे बघायला. मला पुतळ्यासारखं एका जागी बसायचंय."

तेवढ्यात कंडक्टरबाई मागून पुढे आल्या. त्यांनी मला खिडकीवरून उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. कंडक्टरचा हात तो, तिकीट धरायची त्याची पद्धत वेगळीच असते. "अहो, हाच घेऊ या," त्या म्हणाल्या. "सणवार आला की माझी जादा ड्यूटी. ठमी एवढी मोठी झाली, पण आपण चौघं एका गाडीत शेजारी शेजारी कधी बसलो का? एक दिवस मिळालाय. उद्या पहाटे परतीची गाडी. मला त्या रोपवेत बसायचंय. उभं नाही राहायचं, बसायचंय. सगळ्यांबरोबर."

टेलरने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. मी विकला गेलो, मित्रांनो! मला तर नाचावंसं वाटत होतं, पण पुठ्ठ्याला पाय नसतात.

पहिल्या बसच्या दारातलं यंत्र मी जन्मभर विसरणार नाही. कंडक्टरबाईंनी मला टेकवलं, टिंग वाजलं, हिरवा दिवा लागला आणि छोट्या पडद्यावर चार माणसांची चित्रं उमटली. एक, दोन, तीन, चार, ओळीने हात धरून उभी. ठमीने टाळ्या पिटल्या. मला वाटलं, आपण पुठ्ठा म्हणून जन्माला आलो ते याचसाठी.

मग काय विचारता! पुलावरून धावणारी मेट्रो, घंटा वाजवत बाजारातून वाट काढणारी ट्राम, वरच्या मजल्यावर डोकं छताला लागेल अशी बस. ठमी प्रत्येक ठिकाणी फोटो काढत होती आणि दुपारपर्यंत तिने बरोबर असलेल्या एकुलत्या एक फोनची बॅटरी संपवून टाकली. आजींना प्रत्येक गाडीत खिडकी मिळाली. टेलर लोकांच्या कोटांची शिवण बघण्यात रमला. सगळं छान चाललं होतं, फक्त कंडक्टरबाई बसत नव्हत्या.

म्हणजे त्या बसायच्या हो, पण थांबा आला की उठायच्या. कोणी म्हातारं चढलं की यांची जागा गेलीच. कोणी दारात रेंगाळलं की यांचा हात आपोआप वर, "चला, आत चला." आजी वैतागल्या. "अगं, तू सुट्टीवर आहेस ना? मग बूड टेक की जरा!"

"सवय आहे हो आई," बाई म्हणायच्या आणि हसायच्या. मग ठमीला सांगायच्या, "रोपवेत बघ, मी हलणारसुद्धा नाही." रोपवेचा शेवटचा पाळणा सूर्य मावळताना सुटायचा, तोच त्यांनी ठरवून ठेवला होता.

उन्हं उतरायला लागली तशी चौघं रोपवेकडे जाणाऱ्या बसमध्ये चढली. मी बाईंच्या पर्समध्ये होतो. एका गर्दीच्या थांब्यावर एक तरुण बाई बाबागाडी घेऊन खाली उभी होती. तिला ती एकटीला वर चढवता येईना. आमच्या बाईंना राहवतंय होय? त्या टुणकन खाली उतरल्या, बाबागाडी उचलून वर दिली, मागे राहिलेल्या दोघातिघांना आत सरकवलं, दाराकडे एक नजर टाकली आणि सगळे चढले बघून बसच्या पत्र्यावर दोन सणसणीत थापा मारल्या.

दोन थापा म्हणजे 'चला'. इतकी वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. मोठ्या शहराचा चालक असला म्हणून काय झालं, दोन थापा ऐकल्यावर कुठला चालक थांबतो? दार मिटलं आणि बस निघून गेली.

बाई फुटपाथवर उभ्या. हात अजून हवेतच होता. त्यांना काय झालं ते कळायला क्षणभर वेळ लागला. मागच्या काचेला नाक लावलेली ठमी लहान लहान होत वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अगं बाई, मीच सोडली की गाडी."

आणि मग त्यांना मी आठवलो. त्यांनी पर्स उघडून मला बाहेर काढलं. पास इथे आणि माणसं तिकडे. ज्या बाईने कधी सख्ख्या भावालाही विनातिकीट बसू दिलं नव्हतं, तिचं अख्खं घर विनातिकीट चाललं होतं. वर रोपवेची वेळ होत आली होती. चुकला तर पुन्हा अशी सुट्टी कधी मिळणार होती? मला फार वाईट वाटलं. सोनेरी पास घेतले असते तर ही वेळ आली नसती, असंही मनात आलं आणि मी स्वतःवरच चिडलो.

पुढची बस आली. बाईंनी मला यंत्रावर टेकवलं. टिंग. पडद्यावर चार माणसांची चित्रं उमटली आणि दारात बाई एकट्याच. त्यांनी त्या चित्रांकडे एकदा पाहिलं आणि थेट चालकाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक थांब्यावर मान बाहेर काढून बघायच्या. कुठे आजी, टेलर, ठमी उतरवलेली दिसतात का? कुठेच नव्हती. सूर्य इमारतींच्या मागे घसरत होता आणि मी त्यांच्या मुठीत घामाने भिजून गेलो होतो. माझा कोपरा दुमडला तो त्याच मुठीत.

शेवटचा थांबा रोपवेच्या पायथ्याशी होता. बस थांबायच्या आत बाई दारात. आणि समोर पाहतात तो काय! बाकावर तिघंही ओळीने बसलेली आणि त्यांच्या शेजारी एक जाडजूड तिकीट तपासनीस, हातात दंडाचं पुस्तक घेऊन.

झालं होतं असं. पुढच्याच थांब्यावर हे महाशय बसमध्ये चढले होते. टेलर खिसे चाचपत उभा राहिला. ठमी रडकुंडीला आली. पण आजी डगमगल्या नाहीत. "आमचा पास सुनेकडे आहे," त्यांनी ठणकावून सांगितलं. "ती कंडक्टर आहे. मागच्या थांब्यावर तिनेच ही गाडी सोडली आणि खाली राहिली. तुम्हाला खोटं वाटत असेल तर शेवटच्या थांब्यापर्यंत चला. ती येणार म्हणजे येणार. आम्ही मधे उतरलो तर चुकामूक होईल, तेव्हा आम्ही काही उतरत नाही." तपासनिसांची अख्खी नोकरी बहाणे ऐकण्यात गेली होती, पण हा बहाणा त्यांनाही नवा होता. खरं की खोटं ते बघायला ते मुद्दाम बरोबर आले होते.

बाई धापा टाकत पुढे झाल्या आणि त्यांनी मला तपासनिसांसमोर धरलं. "दंड मला करा," त्या म्हणाल्या. "यांची चूक नाही."

तपासनिसांनी मला आपल्या यंत्राला लावलं. हिरवा! त्यांनी पुस्तक मिटलं. "बाई, प्रवासी गाडीत आणि कंडक्टर रस्त्यावर, असं मी आजवर पाहिलं नव्हतं. दंड राहू द्या. शेवटचा पाळणा लागलाय. पळा."

चौघंही पळाली. आजी सगळ्यांत पुढे होत्या, पायदुखी कुठल्या कुठे. फाटकावरच्या यंत्राने टिंग म्हणून चार चित्रं दाखवली आणि या वेळी मोजायला माणसंही चार होती. माझ्या अंगातून असा काही आनंद सळसळला की काय सांगू!

पाळण्यात समोरासमोर दोन बाकं होती. आजी बसल्या, टेलर बसला, ठमी बसली. बाई दारात उभ्या, सगळे नीट बसले का बघत. पाळणा काही हलेना.

बाहेरचा माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही बसा. कोणी उभं असलं तर हा सुटत नाही."

बाई ठमीशेजारी बसल्या. हात मांडीवर ठेवले, मग पर्सवर ठेवले, मग पुन्हा मांडीवर. त्या हातांना काय करावं तेच समजत नव्हतं. उजवा हात सवयीने काचेकडे उचलला गेला आणि अर्ध्यावर थांबला. ठमीने तो हळूच धरून खाली ठेवला. आणि स्वतःच्या चिमुकल्या मुठीने काचेवर दोनदा ठोकलं.

पाळणा सुटला.

खाली नदी सोनेरी झाली होती आणि सगळं शहर दिवे लावायच्या तयारीत होतं. आजींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. "पोचलो की सांगा," त्या म्हणाल्या. बाई काचेतून बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टेलरने घाबरून विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "बसून किती वेगळं दिसतं सगळं."

मित्रांनो, त्या दिवसाबरोबर माझी मुदत संपली. असे संपलेले पास टाकायला स्टेशनात एक पेटी असते, पण बाईंनी मला तिच्यात टाकलं नाही. आता मी त्यांच्या कंडक्टरच्या बॅगेतल्या आतल्या कप्प्यात राहतो. सुट्ट्या नाण्यांचे धक्के खाऊन माझा रंग गेला, पण तक्रार नाही. तुम्ही कधी नव्या शहरात गेलात आणि खिडकीशी पास निवडायची वेळ आली, तर किंमत बघा, नियम वाचा, कशात काय मिळतं ते विचारा. पण त्याआधी मागे वळून बघा. रांगेत सगळ्यांत शेवटी, सगळ्यांना पुढे करून जे माणूस उभं असतं, ते तुमच्याही घरात असेलच. सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवणारं, सगळे चढल्यावर चढणारं. त्याला जपा. त्याला हाताला धरून बसवा आणि दोन थापा तुम्ही मारा.

आमच्या बाईंच्यात मात्र त्या दिवसापासून फरक पडलाय. एखाद्या रिकाम्या फेरीला, शेवटच्या थांब्यावर, त्या मला बाहेर काढतात आणि स्वतः खिडकीशी टेकतात. चालक आरशातून बघत विचारतो, "काय हो बाई, बेल नाही दिलीत? निघायचं ना?"

"थांबा जरा," बाई म्हणतात. "मी बसलेय."