फुंकरबाबांची हट्टी साखर

रविवारी बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या कमी आणि भक्तच जास्त. हिंजवडीच्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात मिरवणारे दोन दादासुद्धा रांगेत! प्रत्येकाच्या हातात पेला, पेल्यात गुलाबी पाणी आणि स्ट्रॉ.

"शरीर म्हणजे कॉम्प्युटर!" फुंकरबाबा गरजले. "साखर म्हणजे व्हायरस! फुंका, डिलीट करा!"

लोक फुंकायचे आणि गुलाबी रंग खरंच उडायचा. पाणी जरासं दुधाळ व्हायचं. "बघा, साखर बाहेर पडली!"

मी नुसती हसले असते. पण कुसुमआत्याने आठवडाभर इन्सुलिन घेतलं नव्हतं. 'पेला उजळला, सुई बंद,' हा बाबांचा हुकूम. आत्या सारखी पाणी प्यायची, जिन्यात धापा टाकायची.

"आत्या, डॉक्टरांकडे चल ना."

"प्रियू, डोळ्यांनी बघितलंय मी. तुझ्या पुस्तकात आहे का असं?"

आहे की! फुंकल्यावर दुधाळ होते ती चुन्याची निवळी. आणि तिला गुलाबी करणारं फिनॉल्फ्थॅलिन आमच्या प्रयोगशाळेत कायम सांडलेलं असतं.

भक्तांच्या दर तुकडीआधी बाबा स्वतः फुंकून दाखवत. मी पेले वाटायला उभी राहिले आणि बाबांच्या पेल्यात चमचाभर धुण्याचा सोडा ढवळला.

बाबा फुंकले. गुलाबी. पुन्हा फुंकले. गुलाबीच! गळ्याच्या शिरा फुगल्या, कान पेल्याहून गुलाबी झाले.

"बाबांची साखर भलतीच हट्टी दिसतेय," चेअरमन रंगराव शांतपणे म्हणाले. "इन्सुलिन सुरू करा."

सगळं पार्किंग हसलं. मी खुर्चीवर चढले. "श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचं पाण्यात आम्ल होतं. ते चुना संपवतं, म्हणून रंग जातो. बाबांच्या पेल्यात मी सोडा टाकलाय. तो बरंच आम्ल रिचवतो, रंग हलू देत नाही. याला बफर म्हणतात!"

"पोरी, भस्म होशील!"

"होऊ दे, राखही आम्लारीधर्मीच असते!"

रंगरावांनी साधा पेला उचलून फुंकला. रंग गेला. "मला तर साखरच नाही हो," ते म्हणाले.

आत्या त्या पेल्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर रविवारी असतात का गं?"

"असतात. रिक्षा आणते!"

पेल्यातल्या रंगावरून रक्तातली साखर कळत नाही; त्यासाठी रक्तच तपासावं लागतं. म्हणून चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी विचारा, त्यात काय घातलंय? आत्या आता माझ्या हातचं सरबतसुद्धा विचारल्याशिवाय पीत नाही. आणि मला त्याचा जराही राग येत नाही.