दिवाणावरचं स्वप्न

माधवराव, म्हणजे माझे थोरले दीर, आमचे दादा, आमच्या गावी बोरीला गाडी घेऊन आले ते माझ्या भक्तीला न्यायलाच. डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या परीक्षेत पोरगी दोनदा मागं पडली, आता पुन्हा लातूरला क्लासला घालायची, असं त्यांनी परभणीत बसून परस्परच ठरवलं होतं. मला कुणी विचारलं? छे!

लातूरहून आली तेव्हा पोरीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बोलणं बंद, ताटातली भाकर तशीच. मग कुठून तरी तिनं ते तुकडे जुळवायचं कोडं मागवलं अन् पुढच्या खोलीतल्या दिवाणावर मांडलं. चित्र लय अजब. झोपलेली बाई, तिची बाज ढगात, उशीतून लिंबाचं झाड उगवलेलं अन् फांद्यांवर मासे. मला काई कळलं न्हाई. पण ते जुळवता जुळवता माझी लेक तिथंच आडवी व्हायला लागली, गाढ झोपायला लागली. मला तेवढं बास होतं.

दादांनी आत येऊन दिवाण बघितला. "हे काय करायलीय ही? उचल सगळं. कपडे भर."

भक्तीनं मान खाली घातली अन् खरंच तुकडे गोळा करायला हात पुढं केला. ते बघून माझं टाळकंच सरकलं.

"हात लावू नको," मी म्हणले. "दादा, तुमी खुर्चीवर बसा."

"शुभदा, घराण्यात एक डॉक्टर व्हावा, हे आपल्या सगळ्यांचं स्वप्न हाय."

"स्वप्न तुमचं अन् जागरण माझ्या लेकीनं करायचं? वा रे वा!"

आमचे हे मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेले. शाळेत मास्तर, पण भावापुढं यांची जीभ टाळूला चिकटते. माझंही आजवर तेच. लग्न झाल्यापासून डोक्यावर पदर घेतल्याबिगर मी दादांसमोर उभी राहिले न्हाई, बसायचं तर सोडाच. त्या दिवशी मात्र मी सरळ दिवाणावर बसले, त्यांच्या समोर, मांडी घालून. माशाचा एक तुकडा उचलला अन् कुठल्या फांदीवर बसतो ते बघायला लागले.

दादा लालबुंद झाले. "श्रीराम, बायकोला आवर!"

यांनी मोबाइल बाजूला ठेवला, पण बोलली भक्ती. "मोठे बाबा, मी येणार न्हाई." ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "अन् माझ्या आईला कुणी आवरायचं न्हाई."

दादा तरातरा निघाले. पाहुण्याला दारापर्यंत पोचवायची आमच्याकडं रीत हाय. मी गेले न्हाई.