पाटाखालची पिशवी

मी पिशवी बोलतेय. नाक मुरडू नका, खताचा वास कधीच गेलाय! पोटावर कंपनीचा हिरवा शिक्का तेवढा राहिलाय, त्याला माझा इलाज नाही.

आधी मी खताचं पोतं होते. देगलूरच्या बाजारातून टेम्पोत बसून गावात आले, शेतात रिकामी झाले आणि गोठ्याच्या कोपऱ्यात पडले. आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेतल्या वर्षाराणी मॅडमनी आम्हा पोत्यांना धुतलं, कापलं आणि तोंडाला बंद लावून पिशव्या शिवल्या. आतलं प्लास्टिकचं अस्तर तसंच राहू दिलं.

शाळेचं वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट. मॅडम एकेका पिशवीत गोष्टीचं पुस्तक घालत आणि पोरं ते घरी नेत. घरी गेलं की पुस्तक एकट्या पोराचं राहतंय होय! कुणाचा आजा ऐकतो, कुणाची आत्या चित्रं बघते.

तिसरीतल्या अक्षराच्या घरी तर निराळीच तऱ्हा. तिची अम्मा, दानम्मा, तेलंगणातून सून म्हणून आलेली. मराठी बोलायची फाडफाड, वाचता मात्र येत नव्हतं. चुलीपुढं बसून ती लेकीच्या बोटामागं बोट फिरवायची. एक अख्खी ओळ तिनं पहिल्यांदा एकटीनं वाचली, त्या दिवशी तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला. त्या घरी जायला मला लई आवडायचं.

हेडमास्तर अमृतराव सरांना मात्र आमचं फिरणं खुपायचं. पिशव्या येण्याआधी एक पुस्तक भिजून लगदा होऊन परत आलं होतं, ते सर काही विसरले नव्हते. "आता एक जरी पुस्तक हरवलं किंवा भिजलं, तर सगळी कपाटात. किल्ली माझ्यापाशी," त्यांनी बजावून ठेवलं होतं.

आणि नेमकं मी अक्षराच्या घरी असताना घटस्थापनेच्या सकाळी घोळ झाला. अक्षराच्या आजीची, गुणाबाईची, धांदल चाललेली. फरशी उंचसखल, त्यामुळं देवीपुढचा पाट डुगडुगत होता. आजीला दिसतं कमी. खुंटीवर मी दिसले, आतलं पुस्तक पातळ, घाईत हाताला लागलं नाही, तिला वाटलं रिकामं पोतं! दिलं सारून पाटाखाली. वर काळी माती, गहू, पाण्यानं भरलेला घट. झालं! घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. माझ्या पोटात पुस्तक आणि माझ्या डोक्यावर देवी.

घटाचं पाणी मातीत झिरपायचं, मातीतून पाटावर, आणि पाटाच्या फटीतून थेट माझ्या अंगावर. माझा जीव टांगणीला लागला. अस्तराला कुठं चीर असली तर?

अक्षरानं घर पालथं घातलं. अंथरुणं झटकली, कणगीमागं शोधलं. सरांनी शनिवारची मुदत दिली. वर्गातली पोरं तिच्याशी बोलेनात. "तुझ्यापाई आमची बी पुस्तकं जाणार," म्हणायची. पोरगी देवीपुढं बसून मुसमुसायची आणि मी तिच्यापासून हातभर लांब! ओरडावंसं वाटायचं, पण पोत्याला कुठला आवाज?

शुक्रवारी आरतीनंतर तिनं जमिनीला डोकं टेकवलं, तेव्हा माझा बंद तिला दिसला.

"अम्मा! पिशवी!" तिनं हात घातला.

"हात नको लावू!" गुणाबाई कडाडली. "घट हलला तर घराचं काय व्हईल, ठावं हाय का?"

"पण आजी, उद्यापासून पुस्तकं बंद व्हतील!"

दानम्मा सासूपुढं कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी बोलली. "आत्याबाई, पुस्तकं बंद झाली तर माझं बी शिकणं बंद व्हईल. आता कुठं एसटीची पाटी वाचाया लागले."

"तू वाचतीस?" आजी बघतच राहिली. "मला कामून न्हाई सांगितलं?"

दानम्मानं लेकीचा हात मागं घेतला. "पर तुमचा घट म्या न्हाई हलवणार."

शनिवारी गुणाबाई स्वतः शाळेत गेली. ती काय बोलली ते अक्षरानं घरी चारचारदा सांगितलं, म्हणून मला ठाऊक. "गुर्जी, पोरीची न्हाई, चूक माझी हाय. पुस्तक देवीखाली दबलंय. दसऱ्याला देते. तवर पाहिजे तर मला घाला कपाटात!"

पोरं फिदीफिदी हसली. सर हसले नाहीत. "आणि भिजलं असलं तर?"

"तर लावा कुलूप."

त्यानंतरचे दिवस काही सरता सरेनात. घटाला पाणी तर घालावंच लागायचं. गुणाबाई ते थेंबथेंब घालायची. एकीकडं देवी, दुसरीकडं सुनेचं पुस्तक. पाणी घालून झालं की ती पाटाखाली वाकून बघायची आणि पुटपुटायची, "माय, सांभाळ गं." देवीला म्हणायची का मला, कुणास ठाऊक.

दसऱ्याला घट उठला. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन अमृतराव सर दारात हजर. अक्षरानं मला बाहेर काढलं. अंगभर चिखल, बंदावर बुरशी. सरांनीच गाठ सोडली.

पुस्तक कोरडं होतं. अगदी खडखडीत!

सरांनी पानं उलटून बघितली, पुन्हा बघितली. मग म्हणाले, "बरं आहे. चालू द्या."

"असं कसं जाता, गुर्जी? बसा," गुणाबाई म्हणाली. "सूनबाई, वाच."

दानम्मानं पदर सारखा केला. अडखळत, घाम पुसत तिनं अर्धं पान वाचलं. सरांनी दिलेलं आपट्याचं पान तिनं खुणेसाठी तिथंच ठेवलं.

आता माझी एक बाजू उसवलीय. चिखलाचा डाग काही जात नाही. तेवढे दोन टाके घालून द्या बायांनो, अजून पुष्कळ घरं फिरायचीत मला.

परवा अक्षरा सुट्टीच्या घाईत मला तशीच घरी घेऊन गेली. गुणाबाईनं खुंटीवरून मला काढलं, आधी पोटात हात घालून चाचपलं आणि नातीवर खेकसली,

"रिकामी कामून आणलीस गं?"