आजचं झालं

मैनेच्या घशात गाठ निघाली तेव्हा बसस्थानकात सगळ्यांना वाईट वाटलं. छत्रीबाईला मात्र राग आला. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. "मेली तर?" ती स्वतःशीच पुटपुटत राहिली. "आणि खरं न बोलताच मेली तर? मग मी कुणाच्या नावाने बोटं मोडायची?"

छत्रीबाई म्हणजे हरवलं-सापडलं खिडकीवरची बाई. एकोणीस वर्षं ती लोकांच्या विसरलेल्या छत्र्या, एकेका पायाचे बूट आणि रिकामे डबे सांभाळत होती. एकदा तर दातांची अख्खी कवळी आली होती. ती न्यायला आजतागायत कुणी फिरकलं नाही. छत्रीबाई हे नाव तिला खिडकीने चिकटवलं आणि तिला ते मुळीच आवडत नसे. त्याआधी ती कंट्रोलर होती. कोणती बस कोणत्या फलाटाला लागणार हे ती चिठ्ठीवर लिहून वरच्या काचेच्या केबिनमध्ये पाठवायची आणि तिथे मैना ते माइकवर वाचायची.

मैनेचा आवाज काय सांगावा! ती "गाडी वीस मिनिटं उशिरा येईल" म्हणाली तरी लोकांना आपलं काहीतरी भलं झाल्यासारखं वाटे. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या, एका कंगव्याने केस विंचरलेल्या. नोकरीलाही एकाच आठवड्यात लागल्या.

मग ती दुपार आली. छत्रीबाईने चिठ्ठीवर सात लिहिलं होतं. मैना केबिनमध्ये फोनवर हसण्यात गुंग होती. चिठ्ठीकडे ढुंकूनही न बघता तिने नेहमीच्या सवयीने "फलाट क्रमांक चार" म्हटलं. लोक चारकडे धावले. तिथे दुसरीच गाडी मागे येत होती आणि त्या रेटारेटीत किटली घेऊन उभा असलेला चहावाला चाकाखाली गेला. जीव वाचला, पण पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशीत मैना उभी राहिली आणि त्याच स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली, "चिठ्ठीवर चारच होतं." चिठ्ठी काही सापडली नाही. त्या आवाजाने फलाट सांगितला की लोक डोळे मिटून सामान उचलायचे. चौकशीच्या तीन साहेबांनीही तेच केलं.

ठपका बसून छत्रीबाई खिडकीवर आली. चहावाल्याची टपरी त्याच्या बायकोने चालवायला घेतली. सहा वर्षांनी तो गेला, पण तिचा नेम चुकला नाही. छत्रीबाई समोर उभी राहिली की ती म्हणायची, "कप संपलेत." समोर वीस कप पालथे घातलेले असायचे. आणि रोज सकाळी दहाला मात्र ती मधाचं कोमट पाणी घेऊन स्वतः केबिनचा जिना चढायची, मैनेच्या घशासाठी.

"खरं बोल," असं छत्रीबाईने मैनेला एकदाच म्हटलं होतं. मैना म्हणाली, "मला नीट आठवत नाही गं." त्या दिवसापासून छत्रीबाईने डूख धरला. दुसऱ्यांदा विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, रेडिएशनच्या तेहतीस सिटिंग. मैनेच्या धाकट्या भावाने तीन दिवस नेलं, चौथ्या दिवशी त्याची कंबर धरली, पाचव्या दिवशी ऑफिसात काम निघालं. सहाव्या दिवशी सकाळी सातला छत्रीबाई दारात उभी. खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास.

"मी नेते," ती म्हणाली. "ड्युटी मी अकराची करून घेतलीये."

भाऊ आणि वहिनी गहिवरले. मैनेचं तोंड मात्र उतरलं. चोराच्या मनात चांदणं. दोघी बसने निघाल्या. हॉस्पिटलच्या फाटकाशी तिने घोगऱ्या आवाजात विचारलं, "हे का करतेयस?"

"तुझा आवाज वाचवायला."

"आणि?"

"आणि मग तो मला लागणार आहे."

 कशाला, ते दोघींना माहीत होतं.

डॉक्टरांना छत्रीबाईने पहिल्याच दिवशी गाठलं. "एवढ्या खेपा कशाला? एकदाच काय ते देऊन टाका ना."

"एकदम दिलं तर गाठीबरोबर चांगलंही जळतं, बाई. म्हणून रोज थोडं थोडं. आधी आवाज बसेल, घसा सोलल्यासारखा होईल. पण गाठ लवकर सापडलीये. खंड पडू दिला नाही तर आवाज परत येईल."

"खंड पडणार नाही," छत्रीबाई म्हणाली. रोज थोडं थोडं, हे तिला फार पटलं.

मैनेच्या चेहऱ्याबरहुकूम पांढऱ्या जाळीचा एक मुखवटा केला होता. तो तोंडावर बसवून दोन्ही बाजूंनी टेबलाला घट्ट अडकवायचे, म्हणजे मान तसूभरही हलायला नको. जाडी टेक्निशियन बाई मग बाहेर येऊन जड दार लावून घ्यायची. तिने एकदा छत्रीबाईला बाहेरच्या पडद्यावर ते दाखवलं. आपल्या वैरिणीला कुणीतरी टेबलाला जखडून ठेवलंय आणि ती हूं की चूं करू शकत नाही, हे बघून छत्रीबाईला जे समाधान वाटलं ते चारचौघांत सांगायची सोय नव्हती. दार उघडलं की टेक्निशियन बाई रोज तेच म्हणायची, "आजचं झालं. उद्या याच वेळेला."

छत्रीबाईने मैनेला सळो की पळो करून सोडलं. मीठ-सोड्याच्या गुळण्या दिवसातून सहा वेळा, त्याही मोजून. तिखट बंद. मैनेच्या सगळ्या कपड्यांच्या कॉलर तिने कात्रीने उतरवल्या, मानेला घासू नयेत म्हणून. डॉक्टरांनी दिलेल्या मलमाखेरीज मानेला काही लावू दिलं नाही. वहिनीने प्रेमाने आणलेली सुगंधी क्रीम तिने तिच्यासमोर कचऱ्यात टाकली. वजन अर्धा किलो उतरलं त्या दिवशी तिने मैनेला असं काही झापलं की वेटिंगमधली माणसं बघत राहिली.

"सख्खी बहीण का?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"सख्खी वैरीण."

आजोबा खूप हसले. हल्ली अशी मैत्री कुठे बघायला मिळते, असं म्हणाले.

चौथ्या आठवड्यात मैनेचा आवाज पार गेला. मानेची कातडी लाल होऊन सोलवटली. पाण्याचा घोट गिळतानासुद्धा तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बोलायचं ते ती पाटीवर लिहायची. तेविसावी सिटिंग झाली आणि दुसऱ्या दिवशी वहिनीने दारातच छत्रीबाईला अडवलं.

"ती नाही म्हणतेय. आम्ही तरी किती बळजबरी करायची? बिचारीचे हाल बघवत नाहीत हो."

"तुम्हाला बघवत नाहीत. मला बघवतात," छत्रीबाई म्हणाली आणि आत शिरली.

मैना भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाटीवर लिहिलेलंच होतं: बस झालं.

"दहा राहिल्यात."

मैनेने नकारार्थी मान हलवली. उठून बसली. पाटी पुसली आणि बराच वेळ लिहीत राहिली. मग पाटी छत्रीबाईच्या पुढे धरली.

'चिठ्ठीवर सात होतं. मी बघितलीच नव्हती. अपघातानंतर बघितली आणि फाडली. हे घे, साहेबांना दाखव. मला सोड.'

 एकोणीस वर्षं छत्रीबाईने हीच अक्षरं मनात गिरवली होती. छत्र्यांना नंबर लावताना, कप पालथे दिसताना, निवृत्त झालेल्या कुणाच्या निरोपाची भाषणं ऐकताना. आता ती समोर होती, मैनेच्या हस्ताक्षरात, मैनेच्या खडूने. पाटी उचलून तडक बसस्थानक गाठलं असतं तर दुपारपर्यंत सगळं फिटलं असतं. आणि मैना आपली इथे भिंतीकडे तोंड करून सुटली असती.

तिने पाटी हातात घेतली, पुन्हा एकदा वाचली आणि तळहाताने पुसून टाकली.



"तेव्हा लिहून दिलं होतंस का?" छत्रीबाईचा आवाज थरथरत होता, रागाने. "तोंडाने बोललीस. सगळ्यांसमोर बोललीस. आता खडूने सुटतेस होय? तोंडाने बोललीस ते तोंडानेच परत घ्यायचं, त्याच माइकवर. आणि त्यासाठी ते तोंड मला धडधाकट पाहिजे. मेलीस तर सुटशील, म्हणून मी तुला मरू देणार नाही. ऊठ."

मैना रडायला लागली. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलत होते.

"रड. पण आवंढे गिळू नकोस, घसा दुखेल. चप्पल कुठेय तुझी?"

त्या दिवशी बसमध्ये मैनेची मान छत्रीबाईच्या खांद्यावर कलंडली. छत्रीबाईने ती बाजूला केली नाही. काचेचं सामान न्यायचं तर धरावं लागतंच, असं तिने स्वतःला बजावलं. पण स्टॉप येईपर्यंत तिने अंग हलवलं नाही आणि तिचा हात पार बधिर झाला.

दहाच्या दहा सिटिंग झाल्या. शेवटच्या दिवशी टेक्निशियन बाईने विचारलं, "मुखवटा नेणार का आठवण म्हणून?" मैनेने हात जोडून नको म्हटलं. छत्रीबाईने तो पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी त्याला नंबर लावला आणि आपल्या खिडकीमागच्या फळीवर, छत्र्यांशेजारी ठेवून दिला.

मग वाट बघणं सुरू झालं. महिना गेला. मैनेच्या तोंडून नुसती हवा यायची. छत्रीबाईच्या निवृत्तीला तीन महिने उरले, मग दोन. एवढं करून तोंडाला पानं पुसली जातात की काय, या विचाराने तिचं डोकं उठायचं. ती रोज संध्याकाळी मैनेकडे जायची आणि म्हणायची, "आ कर." जणू तिला आत काही दिसणार होतं. नवव्या आठवड्यात एका संध्याकाळी मैना म्हणाली, "डोकं नको खाऊस."

तीन शब्दच, तेही भरड दळल्यासारखे. "पुन्हा म्हण," छत्रीबाई म्हणाली.

मैना कामावर परतली त्या सकाळी दहाच्या आधीच सगळी माणसं केबिनकडे बघत होती. टपरीवाली मधाचं कोमट पाणी घेऊन जिन्याची तिसरी पायरी चढली होती. माइक खरखरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं," नवा घोगरा आवाज म्हणाला. "एकोणीस वर्षांपूर्वी मी फलाट क्रमांक चार सांगितला. चिठ्ठीवर सात लिहिलं होतं. मी चिठ्ठी वाचली नव्हती. चौकशीत मी खोटं बोलले. चहावाल्या काकांचा पाय माझ्यामुळे गेला. कंट्रोलरबाईंची काहीही चूक नव्हती."

प्रवाशांनी माना वर केल्या आणि आपली गाडी नाही म्हणून पुन्हा खाली घातल्या. पण ड्रायव्हर जागच्या जागी थबकले. झाडणाऱ्या बाईचा झाडू थांबला. टपरीवाली तिसऱ्या पायरीवर तशीच उभी होती. मग ती वळली, तीन पायऱ्या उतरली, सगळा चौक ओलांडून खिडकीशी आली आणि तिने तो कप छत्रीबाईसमोर ठेवला.

"कोमट आहे," ती म्हणाली. आणि गेली.

छत्रीबाईने एकोणीस वर्षांत या घटकेसाठी मोठमोठी भाषणं रचून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. पाणी भलतंच गोड होतं. तिने अर्धा कप पिऊन टाकला.

तासाभराने मैना खाली आली. चेहरा पांढराफटक. "साहेबांनी फैलावर घेतलं. आता माइकला हात लावायचा नाही. चौकशी होणार." ती खिडकीला टेकली. फळीवर स्वतःचाच पांढरा, जाळीचा चेहरा दिसला तशी तिने नजर वळवली. "झालं ना आता?"

छत्रीबाईने उरलेला अर्धा कप तिच्यापुढे सरकवला. "घसा ओला कर. आजचं झालं. उद्या याच वेळेला."

"अगं, माइक काढून घेतलाय!"

"माइक कशाला? इथे खिडकीशी उभी राहून बोल. रोज नवी माणसं येतात. एकदम दिलं तर चांगलंही जळतं, डॉक्टरांनीच सांगितलंय."

"किती दिवस?"

"तेहतीस."

मैनेने कप उचलला, सावकाश एक घोट गिळला. या वेळी डोळ्यांत पाणी आलं नाही. "शनिवार-रविवार सुट्टी?" तिने विचारलं.

"मशीनला होती," छत्रीबाई म्हणाली. "मला नाही."